नकाशावरची पोपटी

परवा कर्जतच्या बाजारात वालाच्या शेंगा दिसल्या. हिरव्यागार, टचटचीत भरलेल्या, दवाने अजून ओल्या. विकणारी बाई म्हणाली, "घे गं, गावठी हायत." मी सवयीने एक शेंग उचलून नाकाशी धरली आणि पुन्हा ढिगात ठेवून दिली. पूर्वी असं होत नसे. पूर्वी शेंगा दिसल्या की मी मनातल्या मनात मडकी मांडायला लागायची. आता आधी माझ्या लेकीचा, प्रज्ञाचा मोबाइल आठवतो. वालाच्या शेंगेवरून मोबाइल आठवावा, असे दिवस आले बघा.

आमच्या रायगडात थंडी पडली की पोपटी लागते. ज्यांनी खाल्ली नसेल त्यांच्यासाठी सांगते, खाल्लेल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. मातीचं मडकं घ्यायचं. तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा. बांधावर आपोआप उगवणारा हा पाला, एरवी त्याला कुणी विचारत नाही, पण थंडीत त्याचा मान मोठा. त्यावर ओवा-मीठ चोळलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला ठासायचा आणि मडकं जमिनीवर उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. आत पाणी नाही, तेल नाही. शिजली की नाही हे बघायला झाकण उघडता येत नाही. मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारायचा. चर्र होऊन थेंब जागीच उडाला की समजायचं, झाली. मग केळीच्या पानावर सगळं ओतायचं. पोपटीला ताट नसतं. एकच ढीग, आणि भोवती हात.

आणखी एक गोष्ट आहे, ती पुढे लागणार म्हणून आत्ताच सांगून ठेवते. पोपटी लावायची ती माणसं यायच्या आधी. ती वाटेत असली की इकडे जाळ पेटला पाहिजे. आणि एकदा पेटला की थांबवायची सोय नाही. अर्धी शिजलेली पोपटी ना माणूस खातो ना कोंबडी. म्हणजे लावणाऱ्याने येणाऱ्यावर भरवसा टाकायचा, असा तो सगळा कारभार.

माझी गाडी पळसदरीला, धरणाकडे वळणाऱ्या रस्त्याच्या कडेला उभी असते. प्रज्ञा तिला फूड ट्रक म्हणते. मी गाडी म्हणते. प्रज्ञाचे वडील गेल्यावर घेतलेला जुना टेंपो तो. शिळफाट्याच्या वेल्डरकडून बाजूला खिडकी कापून घेतली, खाली फळी बसवली, वर रंगाऱ्याकडून लिहून घेतलं, 'काकीची पोपटी'. पोपटी थंडीपुरती. बाकी वर्षभर चहा, भजी, अंडा भुर्जी. शेजारी मालूताईची मिसळीची गाडी. ती आगऱ्यांची, मी बौद्ध. पण कांदा संपला की तिच्या खिडकीतून माझ्या खिडकीत येतो आणि मिरची माझ्याकडून तिच्याकडे जाते. मागे कापणी झालेलं शेत, त्याच्या मालकाच्या परवानगीने तिथे मडकी लावायची. सकाळी धुकं असतं. घाट चढणाऱ्या रेल्वेगाड्यांना मागून रेटणारी इंजिनं धापा टाकत जातात आणि त्या आवाजाने मालूताईचे चहाचे ग्लास किणकिणतात. मला ही जागा आवडते. आवडायची, असं लिहिणार होते. नाही, आवडते.

प्रज्ञा मोबाइलमधली ॲपं काढते. काढते म्हणजे, तीच सांगते ना, "ॲपचं तोंड आणि हातपाय मी करते, आई. आतडी दुसरं कुणीतरी बसवतं." कुठे काय दिसावं, बोट कुठे जावं, हे तिचं काम. गेल्या वर्षी थंडीत ती भिवपुरीला घरीच होती, आणि तिच्या डोक्यात आलं की कर्जतपासून खोपोलीपर्यंत रस्त्याला एवढ्या खाण्याच्या गाड्या, पण शनिवार-रविवारी बाहेरून येणाऱ्याला कळत नाही कोण कुठे उभं आहे, आज आहे की नाही, काय मिळतं. त्यासाठी ॲप करायचं. नावही तिनेच ठेवलं, 'गाडी कुठाय'.

आधी तिने ते पुठ्ठ्यावर केलं. बिस्किटांच्या खोक्याचे मोबाइलएवढे तुकडे कापले आणि प्रत्येकावर पेन्सिलीने चित्रं काढली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मला आणि मालूताईला फळीवर बसवायची आणि आमच्यापुढे पुठ्ठे धरायची.

"आई, समज तू ठाण्याची बाई आहेस. गाडीत नवरा आहे, दोन पोरं आहेत, सगळी भुकेली. आता कुठे दाबशील?"

"मी असते तर आधी नवऱ्याला दाबला असता," मालूताई म्हणाली. "म्हनले असते, घरून डबा आनत होते तर नको का बोल्लास?"

प्रज्ञा एवढी हसली की पुठ्ठे खाली पडले. मी बेसनाच्या अंगठ्याने दाबायची, तर ती म्हणाली, "बघ, तुम्ही दोघी अंगठ्यानेच दाबता. बटणं मोठी करायला हवीत." आणि केली मोठी. माझ्या गाडीसाठी तिने मडक्याचं चित्र काढलं, अगदी बरोबर उपडं. मडकं करडं असलं तर जाळ नाही, लाल झालं तर जाळ लागला, वाफ दिसली तर या, उघडतोय. मी ते चित्र कितीतरी वेळ बघत बसले. आपण आयुष्यभर करतो ते काम कुणीतरी एवढं नीट बघितलेलं असतं, हे कळायला सुद्धा वय व्हावं लागतं.

असे आनंदाचे दिवस होते ते. मी सांगते म्हणून नाही, मालूताईला विचारा.

मग एका पुठ्ठ्यावर रकाना आला. गाडीचं नाव, आणि त्याखाली मालकाचं पूर्ण नाव.

"नुसतं काकी लिही," मी म्हटलं.

"काकी हे नाव नाहीये, आई."

"रस्त्यावर हेच नाव हाय माझं."

"सगळ्यांची पूर्ण नावं आहेत. लोकांना कळायला नको, कुणाच्या हातचं खातोय ते? मालूताईंचं आहे. तुझंच का नको?"

मालूताई तेव्हा मिसळीचा कट ढवळत होती. तिने मानही वर केली नाही. तिच्यासाठी तो रकाना म्हणजे रकाना होता.

"फोटो हाय ना," मी म्हटलं. "फोटो बास झाला."

प्रज्ञाने पेन्सिल खाली ठेवली. हळू आवाजात म्हणाली, "आई, तू घाबरतेस?"

आता हिला काय सांगायचं? पापड वाळत घालायच्या आधी बाई आभाळाकडे बघते, त्याला घाबरणं म्हणत नाहीत. मी रस्त्यावर उभी राहणारी बाई. गिऱ्हाईक अर्धी प्लेट खाल्ल्यावर विचारतं, काकी, मूळ गाव कुठलं तुमचं? मी गाव सांगते. मग विचारतं, आडनाव काय म्हणालात? मी काहीच म्हणालेले नसते. सांगितलं की कधी कधी हात क्षणभर थांबतो. सगळ्यांचा नाही. बहुतेकांचा नाहीच. पण ज्याचा थांबतो त्याचा मला दिसतो, कारण मी समोर उभी असते आणि माझ्या हातात झारा असतो.

माझ्या सासूबाई भिवपुरीला पॉवर हाऊसच्या क्वार्टर्समध्ये सोललेले वाल नेऊन द्यायच्या. रात्री भिजवायचे, मोड काढायचे, एकेक वाल चिमटीत धरून साल उडवायचं. आमच्या घरातल्या बायांची नखं त्या कामाने कायम मऊ असायची. त्या वालांना मोठी मागणी. एकदा एका घरी सणाला सासूबाईंनी त्याच वालांचं बिरडं शिजवून डबा नेला, प्रेमाने. तिथल्या बाईंनी तो दारातच घेतला, गोड बोलल्या, आणि दुसऱ्या दिवशी सासूबाई घासलेला डबा परत आणायला गेल्या तेव्हा त्यांना त्या बाईंच्या परसात, केळीच्या बुंध्याशी ओतलेलं बिरडं दिसलं. पुढच्या आठवड्यात त्यांचाच निरोप, सोललेले वाल घेऊन या. कच्चे वाल घरात जायचे. शिजलेले नाही. सासूबाई त्यानंतरही वाल द्यायला गेल्या. काय करणार? सोललेले वाल टिकत नाहीत.

ही गोष्ट प्रज्ञाला माहीत आहे. मीच सांगितलेली. मी ती आठवण करून दिली तर ती म्हणाली, "म्हणूनच." एवढंच. आणि लिहिलं, शेवंती काशिनाथ ओव्हाळ. माझंच नाव, पण तिच्या अक्षरात ते मला जरा मोठं वाटलं. मी पुसून टाक म्हटलं नाही.

ॲप सुरू झालं आणि खरोखर माणसं आली. मोबाइल पुढे धरून, वळणावर गाडी हळू करून, "हीच का?" विचारत. मालूताईची मिसळ दुपारच्या आतच संपायला लागली. माझी मडकी लागायला लागली. मुलं शेंगा सोलून खायला शिकत होती, बाया पाल्याचा वास घेत होत्या. प्रज्ञा लांब उभी राहून माणसांचे अंगठे बघायची.

मग एका शनिवारी जवळच्या एका फार्महाऊसवरून अख्ख्या मडक्याची ऑर्डर आली. घरभरणी होती त्यांची. मी शेंगा निवडल्या, पाला ताजा आणला, मडकं भरलं, जाळ केला. पेंढा छान पेटला होता. मोबाइलमधलं मडकं लाल झालं. आणि तेवढ्यात मोबाइल वाजला. ऑर्डर रद्द. खाली कारण लिहिलेलं, 'बेत बदलला'.

ते कारणही प्रज्ञानेच घातलेलं होतं. रद्द करणाऱ्याला अवघड वाटू नये म्हणून तिने दोन-तीन सोपी, सभ्य कारणं तयार ठेवली होती. बोटाने दाबायचं, बोलावं लागत नाही. ती जाळाकडे बघत उभी राहिली. धुराने तिचे डोळे चुरचुरत होते की काय, मी विचारलं नाही.

मालूताई पदर खोचत आली. "काय झाला गं?"

"मडका नको बोल्ले."

"मग नको तर नको! मोठ्या लोकांचा काय, सकाळी पोपटी, दुपारी पनीर. असं काय नाय गं मनात आनायचं."

"मी कुठं काय बोल्ले?"

"तोंड बघ तुझं. तोंड बोलतंय."

मालूताईचं मन स्वच्छ आहे, म्हणून तर ती असं म्हणाली. तिला खरंच तसं काही दिसत नव्हतं. आणि मला तेच लागलं. त्या माणसांचं सोडा, मी त्यांना पाहिलंही नव्हतं. पण माझी मैत्रीण माझ्या शेजारी उभी राहून त्याच जाळाकडे बघत होती आणि तिला नुसतं रद्द झालेलं मडकं दिसत होतं.

कदाचित तेवढंच असेल ना? हेच तर कळत नाही. कदाचित त्यांचा बेत खरंच बदलला असेल. पाहुणे आले नसतील, कुणाची तब्येत बिघडली असेल. सासूबाईंना निदान केळीच्या बुंध्याशी बिरडं दिसलं होतं. मला काय दिसलं? दोन शब्द.

पोपटी वेळेवर झाली. शिंतोडा मारला, चर्र झालं. रुळांवर काम करणारी माणसं जेवणाच्या सुट्टीत आली होती, त्यांना हाक मारली. पानावर ढीग ओतला. मालूताई सगळ्यात आधी बसली, कोंबडीची तंगडी उचलून म्हणाली, "त्यांच्या घरभरनीला देव बरा करो, आमचा पोट भरला." सगळे हसले. मीही हसले. प्रज्ञाने मात्र एक शेंग उचलली आणि सोलून नुसती हातात धरून बसली.

त्यानंतर त्या मोसमात असं आणखी झालं. सारखं नाही, अधूनमधून. चांगली माणसंही तितकीच आली, किंबहुना जास्तच आली. हात धरून 'काकी, पुढच्या वर्षी पुन्हा' म्हणून गेली. पण माझे डोळे बिघडले होते. इतकी वर्षं मी गिऱ्हाइकाचं तोंड बघून त्याची भूक ओळखायची. कोणाला तिखट सोसेल, कोण लाजेने दुसरा पाव मागत नाही, कोणाचं पोर झोपेला आलंय. आता मी तोंड बघून दुसरंच काहीतरी शोधायला लागले. आणि शोधलं की सापडतं हो. एखादी बाई कपाळाला आठी घालून मोबाइल बघत असली की मला वाटायचं, वाचलं हिने. बिचारीला ऊन लागत असेल.

मोसम संपता संपता दोन मैत्रिणी आल्या. फळीवर बसल्या, आपापले मोबाइल शेजारी ठेवले, आणि एक म्हणाली, "अगं, माझ्यात नुसतं 'काकी' दिसतंय. तुझ्यात पूर्ण नाव कसं?" दुसरी म्हणाली, "तुझा मोबाइल जुना आहे." हसल्या, चहा प्यायल्या, गेल्या.

मी संध्याकाळी प्रज्ञाला विचारलं. तिने लॅपटॉपवरची बोटं उचलली. मग म्हणाली, "अर्ध्या लोकांना आडनावासकट दाखवत होते. अर्ध्यांना नुसतं काकी. मला बघायचं होतं."

"काय बघायचं होतं?"

"फरक पडतो का ते."

"कुनाकुनाच्या नावावर केलंस?"

"फक्त तुझ्या."

मी कणीक मळत होते, मळत राहिले. "माझ्यावर प्रयोग केलास होय गं?"

"आई, तुला रोज वाटतंय ना, की हे त्यामुळे की कशामुळे? तू झोपत नाहीस. मला निदान खरं काय ते—"

"काय निघालं मग?"

तिने लॅपटॉप मिटला. "ठरवता येत नाही. माणसं फार थोडी आहेत. एवढ्यावरून काही म्हणता येणार नाही."

ती खोटं बोलली असं मी म्हणत नाही. तिचं शास्त्र तिला ठाऊक. पण लॅपटॉप तिने फार अलगद मिटला. तापलेल्या पोराच्या खोलीचं दार आपण ओढून घेतो ना, तसा.

मी तिच्यावर रागावले होते. पण कशासाठी, ते आजपर्यंत मला नीट सांगता आलेलं नाही. माझं नाव तिने लावलं म्हणून? अर्ध्यांपुढे ते लपवलं म्हणून? की जे मी आयुष्यभर कळून न कळल्यासारखं करून जगले, ते तिने मोजायला घेतलं म्हणून? आमच्या पिढीने न विचारण्यात पुष्कळ दिवस काढले. तिला न विचारणं म्हणजे हार वाटते. दोघी एकाच चुलीपाशी बसतो, आणि धूर दोघींच्या डोळ्यांत वेगवेगळा जातो.

आठवड्याभराने तिने मला मोबाइलवर एक खटका दाखवला. 'नाव दाखवा.' उजवीकडे सरकवला की हिरवा, डावीकडे करडा. "हा तुझ्या हातात," ती म्हणाली. "मी पुन्हा काही ठरवणार नाही."

"मालूच्या गाडीला हाय का हा?"

"सगळ्यांना आहे."

मालूताईला मी दुसऱ्या दिवशी विचारलं. तिला असा काही खटका असतो हेच माहीत नव्हतं. आजही नाही. मला मात्र तो रोज सकाळी दिसतो. गाडीची खिडकी वर करायची, गॅस लावायचा, मोबाइल उघडायचा, आणि तो तिथे असतो, हिरवा. प्रज्ञाने किती मायेने दिला आहे, कळतं मला. पण आधी हा प्रश्न रस्त्यावरचा माणूस विचारायचा, कधीतरी. आता मी स्वतःच स्वतःला विचारते, रोज. एकदा करडा केलासुद्धा. दुपारपर्यंत ठेवला. गिऱ्हाईक चांगलं झालं, आणि प्रत्येक घास जणू माझ्याच गाडीवरून मी चोरून देतेय असं वाटत राहिलं. परत हिरवा केला. तेव्हापासून हात लावला नाही, पण नजर जाते.

प्रज्ञा आता कामासाठी पुण्याला असते. रविवारी संध्याकाळी फोन करते. यंदा शेंगा उशिरा आल्या, थंडीही मेली धड पडेना. तरी गेल्या रविवारी सकाळी गारवा होता, धरणाच्या पाण्यावरून वाफा निघत होत्या. एका मडक्याची ऑर्डर होती. जाळ करून मी खिडकीत येऊन उभी राहिले, तर एक म्हातारेसे गृहस्थ बायकोबरोबर रस्ता ओलांडून आले. बायकोच्या डोक्याला स्कार्फ. ते मोबाइलकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं. पुन्हा मोबाइलकडे. पुन्हा माझ्याकडे, जरा जास्त वेळ.

"शेवंती काशिनाथ ओव्हाळ," त्यांनी एकेक शब्द वाचला. "तुम्हीच का?"

"हो. मीच. का?"

माझा आवाज माझ्याच कानाला परका वाटला. मालूताईने तिच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. ते गृहस्थ एक पाऊल मागे सरले.

"नाही हो... फोटोत तुम्हाला चष्मा नाहीये. म्हणून म्हटलं, बरोबर गाडीवर आलो ना."

"मी म्हणत होते, विचारू नका," त्यांची बायको म्हणाली. "यांना सगळीकडे खात्री करायची असते. बँकेत पण असंच करतात."

मी हसले. बाकडं पुसून दिलं, सावलीत ओढून दिलं. पोपटी उघडली तेव्हा त्यांनी घाईने शेंग उचलली आणि बोट भाजून घेतलं, बायको त्यांना ओरडली, मी पाणी दिलं. दोघं पोटभर जेवली. मी रताळं जास्तीचं घातलं, त्यांनी नको म्हटलं तरी. जाताना त्यांनी नमस्कार केला, अगदी वाकून. पण मी म्हटलेला तो 'का?' त्यांच्या चेहऱ्यावर थोडा राहिलाच होता. खाताना सुद्धा ते माझ्याशी जपून बोलत होते. माझ्या गाडीवर माणसं जपून बोलत नसत कधी.

संध्याकाळी प्रज्ञाचा फोन आला. "कसा होता रविवार?"

"बरा होता. फोटो बदल माझा. चष्मा घालून काढ."

"काढू. आणि नाव, आई? चालू ठेवायचं ना यंदा?"

"नाव राहू दे," मी म्हटलं.

तिला बरं वाटलं, फोनमधूनही कळलं. ती आणखी काय काय बोलत राहिली, मी हूं हूं करत राहिले. माझ्या त्या 'का?'चं काय करायचं, ते मात्र मला तिला विचारता आलं नाही.